वाणाला नको

घड्याळजींनी कोंबड्याला दोन्ही गुडघ्यांत धरले, डाव्या हाताने त्याचा पंख पत्त्यांच्या पानांसारखा उघडला आणि दुकानातला बारीक चिमटा पांढऱ्या पिसाच्या मुळाशी नेला.

पीस आतल्या बाजूला होते. पंख मिटला की दिसतही नसे. एरवी हा कोंबडा, गजर, काजळाच्या डबीतून काढल्यासारखा होता. पिसे काळी, पाय काळे, चोच काळी, तुरा तेवढा पिकलेल्या तुतीच्या रंगाचा. त्या काळ्यात हे एक पीस काळ्या कोटाला चुन्याचे बोट लागावे तसे.

त्यांनी झटका दिला. गजर ओरडला नाही, मान वळवून त्याने फक्त पाहिले. मुळाशी रक्ताचा थेंब आला, तो त्यांनी अंगठ्याने पुसला.

"अहो," स्वयंपाकघराच्या दारातून बायकोने हाक मारली, "डॉक्टर आलेत. सिस्टरांच्या दारात गाडी लागलीय."

"आलो."

"काय करताय त्याला?"

"उवा बघतोय."

ती आत वळली तसे त्यांनी पीस कचऱ्याच्या बादलीत टाकले आणि वर भाजीची साले सारली. मग हात धुतले. एकदा धुऊन झाल्यावर पुन्हा धुतले.

काजळी कोंबड्या पूर्वी त्या वस्तीत दर परसात असत. पुढे खाद्याच्या पोत्यांबरोबर पांढऱ्या कोंबड्या आल्या. त्या वर्षभर अंडी घालत, खुडूक बसत नसत, कुणाच्या अध्यातमध्यात नसत. काजळीला मागे पडायला वेळ लागला नाही. आता चोख काजळी दोनच परसांत उरली होती, घड्याळजींच्या आणि सिस्टरांच्या. सिस्टर म्हणजे इस्पितळातून निवृत्त झालेली नर्स. नोकरी सुटली तरी हाक तीच राहिली होती.

घड्याळजींकडची काजळीही सिस्टरांनीच दिलेली. घड्याळजींच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले, बारीक काम बंद करायला सांगितले, तेव्हा घरात बसून ते भांड्यांच्या आवाजालाही चिडायला लागले होते. सिस्टर एक दिवस डालग्यात कोंबडी आणि तिची पिले घेऊन आल्या. डालगे परसात उपडे घालून म्हणाल्या, "यांना बघायला भिंग लागत नाही." पिलांना पाणी कसे ठेवायचे, आजारी कोणते कसे ओळखायचे, खुडूक कोंबडीजवळ हात कसा न्यायचा, सगळे त्यांनीच शिकवले. डोळा बरा झाला, दुकान पुन्हा उघडले, पण कोंबड्या राहिल्या.

आता जनावरांच्या डॉक्टरांच्या खात्याने हा वाण वाढवायचे ठरवले होते. एका परसातला कळप मूळ कळप म्हणून निवडायचा, त्याची अंडी उबवायची आणि पिले घरोघरी द्यायची. कुठला कळप, ते आज ठरणार होते.

सिस्टरांच्या परसात डॉक्टर उकिडवे बसून एकेक कोंबडी हातात घेत होते. हसऱ्या तोंडाचा, पोट सुटलेला माणूस. कोंबडी हातात आली की मात्र तो बोलायचा थांबे. घड्याळजी कुंपणाशी उभे राहिले. सगळ्यात शेवटी सिस्टरांनी आपला कोंबडा आणला.

"हा वॉर्डबॉय," त्या म्हणाल्या. "पहाटे सगळ्यांना उठवत फिरतो, आणि काम काही करत नाही."

डॉक्टर हसले. त्यांनी हात पुढे केला, पण सिस्टरांनी कोंबडा दिला नाही. आधी स्वतःच त्याचा पंख उघडला.

"हे बघून घ्या. एक पांढरं आहे. मागच्या वेळी पिसं झडली तेव्हा वाटलं होतं काळं येईल. पांढरंच आलं."

घड्याळजींचा हात नकळत खिशात गेला. चिमटा खिशातच राहिला होता. वॉर्डबॉयचे पीस पंखाच्या त्याच भागात होते. असणारच, दोघांचे रक्त एक होते.

डॉक्टर नुसते "हं" म्हणाले. सिस्टर त्यांना हात धुवायला आत घेऊन गेल्या. आत दोघांचे थोडा वेळ बोलणे चालले होते. घड्याळजी बाहेर वॉर्डबॉयजवळ थांबले. वॉर्डबॉय त्यांच्या चपलेवर चोच घासत होता.

मग तिघे घड्याळजींच्या घराकडे निघाले. मधली गल्ली लांब नव्हती, पण एक वाक्य बोलण्याइतकी नक्की होती. घड्याळजींनी वाटेत दोनदा घसा साफ केला. दुसऱ्या वेळी सिस्टरांनी विचारले, "सर्दी झालीय का?" ते म्हणाले, "नाही, असंच."

डॉक्टरांनी गजरचे दोन्ही पंख उघडले, आणि एका जागी बोट थांबले.

"इथं लागलंय का काही?"

"जाळीत अडकला होता," घड्याळजी म्हणाले.

"ती जाळीच तसली आहे," सिस्टर म्हणाल्या. "माझ्याकडे पण तारा वर आल्यात."

डॉक्टरांनी गजरला खाली सोडले आणि गुडघे धरून उठले. "मग ठरलं. मूळ कळप तुमचा, घड्याळजी."

सिस्टर घड्याळजींच्या बायकोकडे वळल्या. "मी म्हटलं नव्हतं? हात घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचा आहे. उगाच नाही." त्यांच्या चेहऱ्यावर इतका सरळ आनंद होता की घड्याळजींनी मान खाली घातली. सगळ्यांना तो विनय वाटला.

त्यानंतर दुकानात घड्याळापेक्षा कोंबड्यांच्या गोष्टी जास्त होऊ लागल्या. पट्टा बदलायला आलेला माणूसही विचारी, काजळी कशी ओळखायची. घड्याळजी सांगत. पाय असे हवेत, तुरा असा हवा, आणि अंगावर दुसऱ्या रंगाचे एक पीसही चालत नाही. हे शेवटचे ते जरा जोरात सांगत. समोरचा इस्त्रीवाला एकदा पिशवीतून कोंबडी घेऊन आला. तिच्या मानेवर तपकिरी झाक होती. घड्याळजींनी ती हातातही घेतली नाही. "ही नुसती कोंबडी आहे," ते म्हणाले. इस्त्रीवाल्याने पिशवीचे तोंड हळूच बंद केले. तो गेल्यावर घड्याळजींना वाटले, आपण इतके कडक पूर्वी नव्हतो.

मग एक दिवस सिस्टर दुकानात आल्या. गिऱ्हाईक बसले होते म्हणून त्या बाजूला थांबल्या, आणि घड्याळजींनी बोला म्हटल्यावर बोलल्या.

"वॉर्डबॉयचं काय करू? त्याची पिलं निघत राहिली तर उद्या लोक म्हणतील काजळीत पांढरं असतंच. तुमच्या कळपालाही बट्टा. तुम्ही सांगाल तसं."

घड्याळजींच्या डोळ्याला भिंग होते, समोर उघडे घड्याळ होते. त्यांनी मान वर केली नाही.

"वाणाला नको," ते म्हणाले.

"नुसता ठेवला तर? आवाजापुरता?"

"कोंबड्यांत राहून तो नुसता राहील का, सिस्टर?"

गिऱ्हाईक हसले. सिस्टरही थोड्या हसल्या. पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळत त्या म्हणाल्या, "तेही खरंच. पण मला काही ते जमायचं नाही. तुम्ही न्याल का?"

दुसऱ्या दिवशी घड्याळजींनी वॉर्डबॉयला खाटकाकडे नेले. पिशवी नेली होती, तिची गरज पडली नाही. तो माणसांना सवयीचा होता. काखेत निवांत बसला, येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत राहिला. खाटकाने त्याला घेतले तेव्हा घड्याळजी पाठ फिरवून रस्त्यावरच्या सायकली बघत उभे राहिले, आणि आतून आवाज यायच्या आधी चालू लागले.

सिस्टर फाटकातच होत्या.

"त्रास नाही ना झाला त्याला?"

"नाही," ते म्हणाले. "काही कळलंसुद्धा नाही."

आठवड्याभराने त्यांनी गजरचा एक तरणा कोंबडा सिस्टरांकडे नेऊन दिला. चांगला बांध्याचा, डोक्यापासून पायापर्यंत काळा. सिस्टरांनी त्याला नाव ठेवले नाही. म्हणाल्या, सुचेल तेव्हा ठेवू.

गजरच्या पंखात पीस परत आले. आधी मेणकट नळीसारखे कोंब आले, मग फुटले, पांढरे. घड्याळजींनी ते पुन्हा उपटले. ते पुन्हा आले, आणि या वेळी शेजारचेही पांढरे निघाले. डॉक्टरांचा माणूस अंडी न्यायला येई, त्याच्या आदल्या दिवशी घड्याळजी खुराड्यात शिरत. पूर्वी ते परसात आले की गजर पायात घोटाळायचा. आता त्यांची चप्पल वाजली की तो पेरूच्या झाडामागे जाई आणि एका डोळ्याने बघत राही. त्याला धरायला त्यांना धावावे लागे. या वयात परसातल्या परसात कोंबड्यामागे धावणारा माणूस कसा दिसतो, हे त्यांना कळत होते.

"तुम्हाला बघून पळतो का हो हल्ली हा?" बायकोने विचारले. ती वाळत घातलेले कपडे काढत होती.

"माजलाय."

त्याच दुपारी अंडी नेणारा माणूस न सांगता आला. पीस उपटायचे राहिले होते. घड्याळजींनी घाईने गजरवर डालगे टाकले आणि वर पोते टाकले. तो पाय ओला करून बसलाय, थंडी लागेल, असे काहीतरी सांगितले. माणूस गेल्यावर बायकोने पोते उचलून घडी घातली.

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात," ती म्हणाली. एवढेच म्हणून ती पोते ठेवायला गेली. घड्याळजी डालग्याशी उभे राहिले. ती गमतीने म्हणाली की कसे, ते विचारायची त्यांची छाती झाली नाही.

सिस्टरांच्या परसात नव्या कोंबड्याची पिले निघाली, वाढली, अंगावर खरी पिसे धरू लागली. एक दिवस दुकानात गर्दी नसताना सिस्टर आल्या आणि स्टुलावर बसल्या. बसताना त्यांनी गुडघ्यावर हात टेकला. त्या थकलेल्या दिसत होत्या.

"पिलांत पांढरं आलं," त्या म्हणाल्या. "एकाला नाही, बऱ्याच जणांना. पंखात, तिथंच."

घड्याळजींनी हातातला स्क्रू खाली ठेवला. तो घरंगळत गेला, त्यांनी तो अडवला नाही.

"कोंबडा तुमचा चोख. म्हणजे खोट माझ्या कोंबड्यांतच आहे. मी उगाच त्या बिचाऱ्या वॉर्डबॉयवर ठेवत होते." त्या जरा थांबल्या. "डॉक्टरांना बोलावलंय उद्या, ते म्हणतील तर ठीक, नाहीतर सगळ्याच देऊन टाकते. खाटकाला सांगून ठेवलंय. आईच्या वेळेपासूनची ओळ आहे हो. पण माझ्या हौसेपायी तुमच्याकडचं नासायला नको."

"घाई करू नका," घड्याळजी म्हणाले.

"घाई कुठली. एवढे दिवस डोळ्यांवर कातडं ओढूनच बसले होते मी."

त्या गेल्यावर घड्याळजी बराच वेळ उघड्या घड्याळाकडे बघत बसले. संध्याकाळी जेवताना त्यांनी भात अर्धा ठेवला. बायकोने का म्हणून विचारले नाही, आणि तिने विचारले नाही हे त्यांना खुपले.

सकाळी ते परसात आले. गजर झाडामागे गेला. ते एका बाजूने गेले, तो दुसऱ्या बाजूने निघाला. मग कुंपणाला धडकला, त्यांच्या हातांखालून सुटला आणि खुराड्यावर चढला. घड्याळजी दम लागून उभे राहिले. बायको दारात होती. ती खाली उतरली, खुराड्याजवळ गेली, गजरच्या छातीखाली हात घातला आणि त्याला उचलून आणून नवऱ्याच्या हातात दिला.

"दोन झालीत आता," ती म्हणाली. "मी कधीची बघतेय."

"बोलली नाहीस."

"तुमचं तोंड मी कसं उघडू?" तिने गजरचा मिटलेला पंख सारखा केला. "जा आता."

सिस्टरांच्या परसात डॉक्टर पिले बघत होते. सिस्टर हात बांधून उभ्या होत्या. घड्याळजी आत आले आणि कुणी काही विचारण्याआधी त्यांनी गजरचा पंख उघडला. दोन पिसे पांढरी होती, बाजूची जागा लाल आणि सुजलेली.

"हे पहिल्यापासून आहे," ते म्हणाले. "तुम्ही आलात त्या सकाळी मी उपटलं. नंतरही उपटत होतो. तुमच्या कोंबड्यांत काही नाही, सिस्टर. आलंय ते याच्यातून."

आवाज कापला नाही, याचे त्यांना नवल वाटले. वाक्ये संपली तेव्हा गजर त्यांच्या हातात फडफडला.

डॉक्टरांनी वाकून पंख पाहिला, आणि ते हसले. वाईट हसू नव्हते ते. लहान मुलाने फार मोठा म्हणून सांगितलेला गुन्हा ऐकून माणूस हसतो, तसे.

"अहो, एवढ्याशासाठी? जुन्या वाणात एखादं पांढरं पीस निघतंच. तेवढ्यानं वाण बाटत नाही. आम्ही पाय बघतो, तुरा बघतो, बांधा बघतो. हे मला त्या दिवशी दिसलं असतं तरी मी काही म्हटलं नसतं."

"पण सिस्टरांचा कळप तुम्ही..."

"सिस्टरांचा मीच घेणार होतो. त्यांनीच आत नेऊन सांगितलं, माझं वय झालं, माझ्यामागे इथं बघायला कुणी नाही, घड्याळजींचा घ्या, त्यांच्याकडे टिकेल." डॉक्टर सिस्टरांकडे वळले. "आता सांगायला हरकत नाही ना? तुम्ही तेव्हा नको म्हणाला होतात."

सिस्टर घड्याळजींकडे बघत नव्हत्या. त्या पिलांकडे बघत होत्या. पिले एकाच किड्यावरून भांडत होती.

"सगळं राहू द्या," डॉक्टर पिशवी उचलत म्हणाले. "दोन्हीकडचं राहू द्या. खाटकाला येऊ नको म्हणून सांगा. आणि पिसं उपटू नका राव, पिकतं ते."

ते गेले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, गल्लीच्या तोंडाशी वळला, मग आला नाही.

"इकडे आणा," सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी आतून कापूस आणि औषधाची बाटली आणली. गजरला मांडीवर घेतले. तो त्यांच्याकडे मुकाट बसला. त्यांनी सुजलेली जागा पुसली, औषध लावले, फुंकर घातली. हातांना जराही कंप नव्हता, इस्पितळात असायचे तसे ते हात होते. एकदा फक्त म्हणाल्या, "पंख धरा. असा नाही, वरून." घड्याळजींनी वरून धरला.

औषध लावून झाल्यावर त्यांनी गजरला खाली सोडले आणि त्या आत गेल्या. स्टोव्हचा आवाज आला, कपबशांचा आला. घड्याळजी पायरीवर बसले. काय बोलायचे ते त्यांनी मनात जुळवायला घेतले. सिस्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात एकच कप होता. तो त्यांनी घड्याळजींच्या बाजूला पायरीवर ठेवला आणि परत आत गेल्या. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बशीत चहा ओतल्याचा.

एवढ्या वर्षांत त्यांनी या परसात एकट्याने चहा घेतला नव्हता. चहात साखर बरोबर होती, आले होते, सगळे नेहमीसारखे होते. ते घोट घोट घेत राहिले, कारण कप रिकामा झाल्यावर काय करायचे ते त्यांना माहीत नव्हते.

शेवटी त्यांनी कप नळाखाली विसळला, पायरीवर उपडा घातला आणि आतल्या दिशेने म्हटले, "सिस्टर, गजर राहू दे तुमच्याकडे. कायमचा."

सिस्टर दारात आल्या. गजर त्यांच्या कोंबड्यांच्या मधून मान ताठ करून फिरत होता. त्या त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिल्या.

"नको," त्या म्हणाल्या. "कोंबडा चांगला आहे. पण मला माझा हवा होता."

आवाज चढलेला नव्हता. इतकी वर्षे त्या आजाऱ्यांच्या नातेवाइकांशी ज्या आवाजात बोलल्या असतील, त्यात बोलल्या. घड्याळजींनी मान हलवली. मग ते गजरला धरायला वाकले. तो पळाला. ते त्याच्यामागे गेले, पिलांच्या मधून, पाण्याच्या भांड्याला वळसा घालून. सिस्टर दारात उभ्या राहून बघत होत्या, आणि मदतीला आल्या नाहीत. खुराड्याच्या कोपऱ्यात तो त्यांच्या हाती लागला.

ते फाटकाची कडी काढत होते तेव्हा मागून आवाज आला.

"औषध परवा परत लावायचंय. घेऊन या त्याला."

"येतो," घड्याळजी म्हणाले आणि वळले. दार उघडे होते, दारात कुणी नव्हते.